रानहळदीची ऑक्टोबर छाटणी

माझी नर्सरी मखमलाबाद रस्त्याला आहे. फाटकावर पाटी आहे, 'सावलीतली झाडे मिळतील'. ती वाचून अगदी सुरुवातीला एक गृहस्थ आत आले आणि म्हणाले, "आम्हाला खरं तर उन्हातली हवी होती, पण सावलीत ठेवलेली असली तरी चालतील. फक्त ताजी द्या." हा धंदा आपल्याला हसवून हसवून म्हातारं करणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. आता केस पिकले, गुडघे कुरकुरतात आणि पाटी तीच आहे.

नाशिकमध्ये सावलीचं झाड विकणं म्हणजे हलवायाच्या गल्लीत कारली घेऊन बसणं. आमच्याकडे जे काही पिकतं ते उन्हावर. द्राक्ष ऊन मागतं, टोमॅटो ऊन मागतो, गुलाबाचं तर विचारूच नका. त्यामुळे अंगणातली सावली हा लोकांना घराचा दोष वाटतो. "मागे आंबा आहे हो, खाली काही येतच नाही," असं लोक इतक्या खालच्या आवाजात सांगतात की जणू घरात कुणाला फिट येते. मग तिथे फरशी घालतात, आणि फरशी तापते म्हणून वर हिरवी जाळी बांधतात.

माझं म्हणणं एवढंच की जंगलात झाडाखाली कुणी फरशी घालत नाही, तरी तिथे फुलं येतात. त्यातलं माझं सगळ्यात लाडकं फूल रानहळदीचं. कुणी तिला चवरही म्हणतात. आपल्या सह्याद्रीतलीच, हळदीची चुलत बहीण. जूनमध्ये जमिनीतून पानाची सुरळी वर येते, श्रावण-भाद्रपदात कणसासारखा तुरा येतो, वरचा शेंडा गुलाबी आणि खालच्या वाट्यांमधून पिवळी फुलं डोकावतात. उन्हात लावली तर पानं करपतात, गर्द सावलीत लावली तर नुसती पानंच येतात. आंब्याखालची चाळणीतून पडल्यासारखी सावली तिला मानवते. मी जंगलातून कधी एक कंद उपटून आणत नाही, माझ्याकडचेच कंद फोडून वाढवते. वर पालापाचोळा पसरायचा आणि हात खिशात घालायचे, एवढीच तिची मशागत.

खरी गोम पुढे आहे. दिवाळीच्या सुमाराला तिची पानं पिवळी पडतात, आडवी होतात आणि नाहीशी होतात. पुढचं अर्धं वर्ष कुंडीत नुसती माती. कंद खाली झोपलेला असतो. या झोपेत पाणी घातलं की तो कुजतो. थोडक्यात, गिऱ्हाइकाने पैसे देऊन माती न्यायची, तिला काही करायचं नाही आणि तिच्यावर विश्वास ठेवायचा. नाशिकचा माणूस देवावरही इतका विश्वास ठेवत नाही, तिथेही तो काहीतरी करायला मागतो.

पंचवटीतले एक गुरुजी डिसेंबरात कुंडी परत घेऊन आले. कुंडी माझ्यासमोर ठेवून त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "बाई, ही शांत झाली. आता तुमच्याच हातांनी काय ते करा." त्यांना मी जूनमध्ये तीच कुंडी फुटव्यासकट परत पाठवली, तर त्यांनी आधी तिच्यावर पाणी शिंपडलं आणि मग घरात घेतली. गंगापूर रोडच्या एका बाईंना रिकामी कुंडी बघवेना, म्हणून त्यांनी तिच्यात प्लास्टिकचं जास्वंद खोचून ठेवलं. जूनमध्ये खालून सुरळी आली ती नेमकी त्या फुलाला उचलूनच. बाईंचा घाबऱ्या घाबऱ्या फोन, "अहो, तुमच्या झाडाला प्लास्टिकचं फूल आलंय!" मग मी प्रत्येक कुंडीला चिठ्ठी बांधायला लागले, 'मी मेलेली नाही'. ती वाचून एका घरातल्या सासूबाईंनी कुंडी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. चिठ्ठ्या बंद केल्या.

पण मला सांगायचंय ते पोपटरावांबद्दल.

एका मे महिन्यात दिंडोरी तालुक्यातल्या एका खेड्यातून शकुताई नर्सरीत आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्याठुसक्या, हातात भाजीची पिशवी. आल्या आल्या म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडं रानहळद हाय का? फुलाची?" माझ्याकडे येऊन तिचं नाव घेऊन मागणारं माणूस मला तोवर भेटलेलं नव्हतं. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा मागवला आणि चहा येईपर्यंत त्यांनी मला सगळी हकिकत सांगितली.

त्यांचं माहेर पेठच्या बाजूचं. तिकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या की पोरी रानात जाऊन हे तुरे आणायच्या. सासरी सगळीकडे द्राक्षाच्या बागा, रान औषधालाही नाही. घरामागे तेवढं एक आंब्याचं झाड. त्याखाली शकुताईंची बाज. मजुरांचा स्वयंपाक, घरचा स्वयंपाक, धुणी, गुरं सगळं उरकलं की दुपारी त्या तिथे अंग टाकायच्या. "एवढ्या मोठ्या बंगल्यात मला बसायला तेवढीच जागा हाय ताई," त्या म्हणाल्या. "बाकी सगळीकडं कोणी ना कोणी चहा मागतं."

आणि त्यांचे यजमान पोपटराव तो आंबा तोडायला निघाले होते. नवा ट्रॅक्टर आला होता, त्याला शेड हवी होती. आंब्याला फळ यायचं ते तोंड वाकडं करणारं आंबट, खाली गवतसुद्धा येत नव्हतं, तेव्हा पोपटरावांच्या हिशोबात ती जागा वायाच होती. पुष्कळ भांडण झाल्यावर नवराबायकोत करार झाला होता. आंब्याखाली पुढच्या वर्षीच्या महालक्ष्म्यांपर्यंत एक तरी फूल आलं तर झाड राहील. नाही आलं तर शेड. मुदत शकुताईंनीच एक वर्ष वाढवून घेतली होती, कारण नव्या जागेत कंद पहिल्या वर्षी रुसून बसतात हे त्यांना ठाऊक होतं. मला चहा कडू लागला. धंद्यात झाड जगेल का याची काळजी नेहमीचीच, पण इथे माझी रानहळद जगली नाही तर वरचा आंबा जाणार होता.

मी स्वतः कंद घेऊन गेले. पोपटराव पायरीवर उभे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, भिंतीवर द्राक्षाच्या बक्षिसांच्या ढाली ओळीने लावलेल्या. मला म्हणाले, "लावा, लावा मॅडम. आमचं काय नाय. फक्त शेडचे पाइप आणून ठेवलेत, ते तुडवू नका." पाइप खरोखरच आंब्याच्या बुंध्याला टेकून ठेवले होते.

पहिल्या पावसाळ्यात नुसती पानं आली, ठरल्याप्रमाणे. पोपटरावांनी तिकडे ढुंकून पाहिलं नाही. मग ऑक्टोबर आला आणि पानं पिवळी पडायला लागली.

इथे द्राक्षाची थोडी माहिती द्यायला हवी, नाहीतर पुढचा वेडेपणा कळायचा नाही. आमच्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलची खरड छाटणी आणि फळासाठी ऑक्टोबरची. ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांवर एका जहाल औषधाची पेस्ट लावतात. कुठे लावून झाली ते कळावं म्हणून त्यात लाल रंग कालवतात. म्हणजे झोपलेल्या वेलीला थोबाडीत मारून उठवायचं, असा तो प्रकार. याच दिवसांत शेजारचे कचरूनाना पोपटरावांकडे आले. हेही द्राक्षवाले, पोपटरावांच्या ढाली गेली कैक वर्षं मोजत असलेले. त्यांची नजर आंब्याखाली गेली आणि ते म्हणाले, "काय पोपट, तुझ्या दारातलं पीक गेलं का काय?"

तिसऱ्या मिनिटाला मला फोन.

"मॅडम, याच्यावर डावणी आलीय."

"पोपटराव, रोग नाही तो. झाड झोपतंय."

"झोपतंय कसं? आमच्या बागंत कोणी झोपत नाय."

"जूनमध्ये उठेल."

"जून? लय उशीर होईल. कचरूनाना रोज इथूनच जातो!"

ज्या माणसाला हे रोप मेलं तर शेड मिळणार होती, तो माणूस ते मेलं म्हणून कासावीस झाला होता. मी हे त्याला दाखवून देणार होते, पण जीभ चावली. पुढच्या आठवड्यात त्यांनी देठ परीक्षण करून घेतलं. द्राक्षाच्या पानाचे देठ प्रयोगशाळेत पाठवतात आणि कशाची कमतरता आहे ते कळतं. रानहळदीच्या वाळक्या देठाचा अहवाल आला, की यात सगळ्याचीच कमतरता आहे. त्या अहवालाचा फोटो द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला. तिथे कुणी सांगितलं मॅग्नेशियम द्या, कुणी सांगितलं बाग काढून टाका, कुणी दोन हात जोडलेले पाठवले.

थंडी पडली तेव्हा पोपटराव कंदांसाठी आंब्याखाली शेकोटी करायला निघाले, कारण थंडीच्या लाटेत बागेत तसं करतात. शकुताईंनी काडेपेटी काढून घेतली. मग त्यांनी जुन्या साड्यांचं आच्छादन घातलं, तेही बागेत करतात. मी गेले तर आंब्याखाली मातीच्या वाफ्यावर मोरपंखी, चिंतामणी आणि एक बऱ्यापैकी नवी जांभळी साडी दोरीवर ताणलेली. सावलीला सावली. शकुताई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. म्हणाल्या, "जांभळी माझ्या भाच्याच्या लग्नातली हाय."

त्याच दिवशी शकुताईंनी वाफ्याच्या मधोमध विटांची ओळ लावली. "अहो, तुमचं तुम्ही करा. हे अर्धं तुमचं, ते अर्धं माझं. मी काय करणार नाय, ताईंनी सांगितलंय तसं. बघू कोणाचं येतं."

पोपटरावांचे डोळे चमकले. "रोहितची आई, नंतर रडायचं नाय."

"नाय रडणार."

मला हे फार पटलं. एका बाजूला पोपटरावांची शेती, दुसऱ्या बाजूला निसर्ग. मनातल्या मनात मी निकाल लावूनही टाकला होता. शकुताईंची बाजू फुलणार, पोपटरावांची कुजणार, आणि मी हा किस्सा पुढे सगळ्या गिऱ्हाइकांना सांगणार.

पोपटरावांनी पेस्ट लावली. हो, कंदांना. वरचा पालापाचोळा बाजूला केला, कंदांची डोकी उघडी केली, आणि बादली, ब्रश, हातमोजे, तोंडाला फडकं असा सगळा थाट करून एकेका कंदाला लाल रंगवलं. मी पोचले तेव्हा काम उरकलेलं होतं. मी अक्षरशः डोकं धरून पायरीवर बसले. "पोपटराव, जळतील हो ते!" "मॅडम," ते समजुतीने म्हणाले, "डोळे फोडण्यात आमची हयात गेली."

डोळे काही फुटले नाहीत. जानेवारी गेला, एप्रिल गेला. पोपटरावांचा वाफा गप्प, शकुताईंचा वाफा गप्प. मी अधूनमधून जाऊन बघत होते. पोपटरावांच्या बाजूकडे बघून मान हलवायची. शकुताईंच्या बाजूला गेले की मात्र गुडघ्यावर बसायची, चिमूटभर माती उचलून नाकाशी न्यायची आणि डोळे मिटून म्हणायची, "इथे जीव आहे. शकुताई, धीर धरा." मातीचा वास ओळखणं ही माझी खासियत समजली जाते. म्हणजे मीच तशी समजते. शकुताई पदर तोंडाला लावायच्या. मला वाटायचं, बिचारीला भरून येतंय.

जून उजाडला. एका सकाळी पोपटरावांचा व्हिडिओ कॉल. कॅमेरा इतका हलत होता की मला आधी त्यांच्या नाकाचं टोक, मग आंबा, मग चप्पल दिसली. शेवटी दिसली सुरळी. हिरवीगार, आणि ती पोपटरावांच्या बाजूला! मागोमाग दुसरी, तिसरी, आठवड्याभरात वाफा गच्च. शकुताईंच्या बाजूला काहीही नाही. माती, पालापाचोळा आणि एक मुंगळा.

"पेस्ट उशिरा लागू झाली मॅडम," पोपटराव म्हणाले. "पण झाली."

मला त्या दिवसांत जेवण गोड लागत नव्हतं. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले, काही करू नका, आणि इथे काही न करणाऱ्या बाईच्या वाट्याला धोंडा आणि जहाल औषध लावणाऱ्याच्या वाट्याला रान! गिऱ्हाइकं यायची, कंद कसे सांभाळायचे विचारायची, आणि माझ्या तोंडून वाक्य पुरं होत नव्हतं.

पोपटराव तर आता मळ्यात जायचंच विसरले. श्रावणात तुरा डोकावला, तेव्हा मणी लांबवण्यासाठी द्राक्षाचा घड औषधात बुडवतात तसा त्यांनी तो ग्लासात बुडवला. तुरा लांब झाला, इतका की वाकला. मग त्याला बांबू, बांबूला तार. घडातले जास्तीचे मणी काढतात तशी विरळणी करायला ते कात्री घेऊन बसले, तेव्हा शकुताई घरातून ओरडल्या, "त्याला कात्री लावाल तर जेवायला कचरूनानाकडं जा!" कात्री खाली ठेवली गेली. एव्हाना शेडचे पाइपही कामाला लागले होते. शेळ्या येऊ नयेत म्हणून पोपटरावांनी ते वाफ्याभोवती कुंपणाला रोवले होते.

महालक्ष्म्या बसल्या त्या दिवशी मला जेवायला बोलावणं होतं. आंब्याखाली तुरेच तुरे, गुलाबी शेंड्यांचे. मधोमध पोपटराव, नवा शर्ट, हातात पेढ्यांचा खोका. निम्मं गाव बोलावलं होतं. ते प्रत्येकाला पेढा देत होते आणि प्रत्येकाला पेस्टची कहाणी सांगत होते. एक तुरा कापून शकुताईंनी महालक्ष्म्यांपुढे ठेवला, तर पोपटरावांनी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. कुणीतरी दोन हात जोडलेले पाठवले.

कचरूनानांनी पेढा घेतला. वाफा बघितला. जीभ टाळ्याला लावून म्हणाले, "माल चांगला हाय. बरं पोपट, मंग ट्रॅक्टरची शेड आता कुठं घालणार?"

पोपटरावांचा पेढा तोंडाजवळच थांबला. त्यांनी वर आंब्याकडे पाहिलं. खाली तुऱ्यांकडे पाहिलं. कुंपणाला गेलेल्या पाइपांकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहून हळूच म्हणाले, "रोहितची आई, म्हणजे मी जिंकलो का हरलो?"

"जिंकलात ना," शकुताई म्हणाल्या. "पेढा खा."

त्यांनी खाल्ला.

जेवणं झाल्यावर आम्ही दोघी बाजेवर बसलो. आंब्याची सावली गार होती, झाड वाचलं होतं, पण मला राहवेना. मी शकुताईंचा हात हातात घेतला. "शकुताई, तुमच्या बाजूचं मला कोडंच पडलंय. तिथे जीव होता हो. मी वास घेतला होता. पुढच्या वर्षी आपण थोडं पानखत घालू."

शकुताईंनी पदर तोंडाला लावला. या वेळी मात्र त्यांना आवरेना. बाज हलायला लागली.

"ताई, तिथं काय हायच नाय!"

"काय नाही?"

"कंद. विटा लावल्या त्याच दिवशी हे बागेत गेले, मी माझ्याकडचे सगळे काढले अन् ह्यांच्या बाजूला पुरले. तुम्ही सहा महिने नुसती माती हुंगत व्हत्या."

माझा हात नकळत नाकाकडे गेला.

"आणि पेस्ट?" मी शेवटी विचारलं.

"पेस्टची बादली मी आधीच वतून दिली, लांब खड्ड्यात. तिच्यात गेरू कालवला. दारापुढं सारवून झालं की कडेला लावतो ना, तोच." मग त्या हसायच्या थांबल्या. आंब्याच्या बुंध्यावर हात ठेवला. "माझं म्हणून फूल आलं असतं ना ताई, तर हे म्हटले असते, बाईमाणसाचा नाद हाय. करार पाळला असता एक वर्ष, पुढच्या वर्षी कुऱ्हाड आणली असती. आता यांचं पीक हाय. स्वतःच्या पिकावर हे कुऱ्हाड घालायचे नाय. मला ठाव हाय ना माझा माणूस."

मला त्या क्षणी त्यांचा हेवा वाटला, खरंच वाटला. झाडं ओळखता येतात म्हणून मी मिरवत होते. त्यांना माणूस ओळखता येत होता, आणि त्या गप्प होत्या.

ट्रॅक्टर आता फाटकाबाहेर उन्हात उभा असतो. त्याच्यावर ती भाच्याच्या लग्नातली जांभळी साडी असते. विटा काढल्या, अख्खा वाफा पोपटरावांचा झाला. हे सगळं इथे छापून येतंय याची मला भीती नाही, कारण पोपटराव द्राक्षाशिवाय दुसरं काही वाचत नाहीत, आणि कचरूनाना वाचतील तर मी तुम्हालाच जबाबदार धरीन.

मी आता माती हुंगत नाही. आधी बोट घालून बघते, आहे का काही, मग बोलते.

दरवर्षी ऑक्टोबर छाटणीला मला पोपटरावांचा फोन येतो, "मॅडम, या, पेस्टिंग हाय." मी जाते. शकुताई बादली भरून देतात. पोपटराव हातमोजे घालतात, तोंडाला फडकं बांधतात, आम्हाला लांब बसायला सांगतात, औषध जहाल असतं म्हणून. मग वाकून, मन लावून, एकेका झोपलेल्या कंदाच्या डोक्याला गेरू लावत जातात. मी आणि शकुताई आंब्याखाली बाजेवर बसून समोर बघत राहतो. एकमेकींकडे अजिबात बघत नाही. बघितलं तर हसू फुटेल, आणि हसू फुटलं की झाड गेलं.